अणूशिवायचा लेझर

‘अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली उतरला की लेझरचा प्रकाश निघतो, असं आम्ही शिकलो. मग मुक्त इलेक्ट्रॉन लेझरमधले इलेक्ट्रॉन उतरतात कुठून?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

कुठूनच नाही. इथे अणूच नाहीत. जवळपास प्रकाशाच्या वेगाने धावणारा इलेक्ट्रॉनांचा झोत चुंबकांच्या लांबलचक रांगेतून सोडतात. उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून पालटून मांडलेले असल्याने झोत नागमोडी जातो आणि वळताना प्रकाश सांडतो. कॅलिफोर्नियातल्या ‘एलसीएलएस’ यंत्रात 2009मध्ये चुंबकांचं एक आवर्तन 3 सेंटिमीटरचं होतं. त्या वर्षी त्यातून निघालेल्या क्ष-किरणांची तरंगलांबी मात्र 1.5 अँगस्ट्रॉम, म्हणजे जेमतेम अणूएवढी! ही सगळी आकसण्याची करामत सापेक्षतेची.

सुरुवातीला हा प्रकाश विस्कळीत असतो. भजनाला उभं राहताना कुणाचा टाळ पुढे, कुणाचा मागे. मग ऐकता ऐकता सगळे एका ठेक्यात येतात, तसंच इथे घडतं. निघालेला प्रकाश सोबतच्या काही इलेक्ट्रॉनांना पुढे रेटतो, काहींना मागे ओढतो. त्यामुळे झोताच्या पातळ चकत्या पडतात, बरोबर एकेका तरंगलांबीच्या अंतरावर. चकत्या रेखीव झाल्या की प्रकाश वाढतो आणि प्रकाश वाढला की चकत्या आणखी रेखीव होतात. ठेक्यात आलेल्या इलेक्ट्रॉनांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात तीव्रता चढते.

   

या लेझरचे जनक म्हणून स्टॅनफर्डच्या जॉन मेडी यांचं नाव घेतात. 1971मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला, 1977मध्ये यंत्र चालवून दाखवलं. श्रेय रास्तच आहे. पण गंमत अशी की मेडी यांनी गणित केलं पुंजयामिकीने आणि प्रकाश किती वाढेल हे सांगणाऱ्या अखेरच्या सूत्रातून पुंजयामिकीची खूण असलेला प्लांकचा स्थिरांक चक्क कटून गेला. म्हणजे मॅक्सवेलची जुनी समीकरणं आणि सापेक्षता एवढ्यावर भागलं असतं.

रॉबर्ट फिलिप्स यांचं भागलंही होतं. जनरल इलेक्ट्रिकमधल्या या अभियंत्याने नागमोडी झोताच्या याच तत्त्वावर ‘उबिट्रॉन’ नावाची नळी बनवून मिलिमीटर लांबीच्या लहरी वाढवल्या होत्या. त्यांचा लेख छापून आला 1960मध्ये. मायमन यांचा माणकाचा पहिला लेझर त्याच वर्षीचा. मायमन पाठ्यपुस्तकात गेले; फिलिप्स यांना मात्र तळटीप मिळाली तरी पुष्कळ.