विश्लेषण : राखीगढीतील एका सांगाड्यावरून नेमके काय सिद्ध झाले?

‘आर्य बाहेरून आले’ आणि ‘आर्य इथलेच’ असे म्हणणारे दोन्ही पक्ष हरियाणातील राखीगढीच्या डीएनए संशोधनाचा दाखला देतात. सिंधू संस्कृतीतील व्यक्तीच्या जनुकांचा हा पहिला अभ्यास सप्टेंबर २०१९मध्ये ‘सेल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातून नेमके काय हाती लागले?

डीएनए कसा मिळाला?
उष्ण हवामानात हाडांतील डीएनए लवकर नष्ट होतो. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे तत्कालीन कुलगुरू डॉ. वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली राखीगढीत दफनभूमीचे उत्खनन झाले. तिथल्या ६१ नमुन्यांपैकी केवळ एका स्त्रीच्या सांगाड्यातून वापरण्याजोगा डीएनए मिळाला. आतल्या कानाभोवतीच्या घट्ट हाडात तो टिकून होता. ही स्त्री सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे.

निष्कर्ष काय?
तिच्या जनुकांत दोन वारसे आढळले. एक प्राचीन इराणी लोकांशी नाते सांगणारा, दुसरा दक्षिण आशियातील शिकारी-अन्नसंकलकांचा. यांतील पहिली शाखा इराणमधील शेतकऱ्यांच्या पूर्वजांपासून १२ हजार वर्षांपूर्वीच, म्हणजे तिथे शेती सुरू होण्याआधीच वेगळी झाली होती. त्यामुळे पश्चिमेकडील शेतकऱ्यांच्या मोठ्या स्थलांतरातून इथे शेती आली, ही कल्पना मागे पडते.

मग वाद कशाचा?
या स्त्रीत मध्य आशियातील गवताळ प्रदेशातील पशुपालकांचा, म्हणजे ‘स्टेप’ वारसा नाही. त्यावरून ‘स्थलांतर झालेच नाही’ असा अर्थ काढला गेला. मात्र त्याच वेळी ‘सायन्स’मध्ये ५२३ प्राचीन व्यक्तींच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानुसार हा वारसा इ. स. पूर्व २००० ते १५०० दरम्यान, म्हणजे या स्त्रीनंतर, दक्षिण आशियात आला. आज तो अनेक भारतीयांत कमी-अधिक प्रमाणात आढळतो. दोन्ही शोधनिबंधांचे काही लेखकही समान आहेत.

मर्यादा कोणत्या?
एका व्यक्तीवरून संपूर्ण संस्कृतीचे चित्र रेखाटता येत नाही. इराण व तुर्कमेनिस्तानमध्ये सापडलेल्या ११ व्यक्तींची जनुकीय घडण या स्त्रीशी जुळते, हा आधार महत्त्वाचा; पण राखीगढीतून दुसरा जनुकसंच त्या वेळी मिळाला नव्हता. शिवाय हाडातून वंश कळतो, भाषा नाही. ती स्त्री कोणती भाषा बोलत होती, हे डीएनए सांगू शकत नाही. वादाचे मूळ मात्र भाषेतच आहे.