स्पर्धात्मक रायफल नेमबाजीत बदली चापाची निवड : वजन, सातत्य आणि सुरक्षितता

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. तत्पूर्वी २००८ मध्ये बीजिंग येथे अभिनव बिंद्रा यांनी १० मीटर एअर रायफलमध्ये सुवर्णपदक, तर २०१० मध्ये म्युनिक येथे कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेतेपद संपादन केले. अशा प्रत्येक यशानंतर खेळाडूची एकाग्रता, श्वासावरील नियंत्रण आणि कष्ट यांविषयी विपुल लिहिले जाते, व ते योग्यही आहे. मात्र नेमबाजाचा निर्णय आणि प्रत्यक्ष सुटणारी गोळी यांच्यामध्ये मूठभर आकाराची एक यंत्रणा उभी असते, तिच्याविषयी क्वचितच बोलले जाते. ही यंत्रणा म्हणजे चाप, अर्थात खेळाडूंच्या नित्याच्या भाषेतील ट्रिगर.

रायफलबरोबर कारखान्यातून आलेला मूळ चाप काढून त्याजागी स्वतंत्र उत्पादकाचा चाप बसविण्याची प्रथा स्पर्धात्मक नेमबाजीत, विशेषतः अमेरिकेत, चांगलीच रुजलेली आहे. असा बदली चाप निवडताना बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘तो किती हलका आहे?’ हा असतो. हा प्रश्न पहिला नव्हे, तर बऱ्याच नंतरचा आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चापाची रचना व कार्य

बोल्ट प्रकारच्या रायफलमध्ये फायरिंग पिन एका दाबलेल्या स्प्रिंगच्या जोरावर पुढे झेपावण्यास सज्ज असते. तिला मागे धरून ठेवणाऱ्या भागास सिअर म्हणतात. या सिअरला आधार देणारा, आणि बोटाच्या दाबाने तो आधार काढून घेणारा भाग म्हणजे चाप होय. दाराच्या आगळीशी या रचनेचे साम्य आहे. आगळ जितकी खोल, तितके दार पक्के. परंतु तितकाच ती काढताना ओढा जास्त. चापातील धातूचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर मिलिमीटरच्या काही अंशांइतकेच टेकलेले असतात, आणि त्या अंशांतच चापाचे सर्व गुणदोष साठवलेले असतात.

बोट दाबू लागल्यावर गोळी सुटण्यापूर्वी चाप जो खरखरीत, जाणवेल असा सरकतो त्यास ‘क्रीप’ म्हणतात. गोळी सुटल्यानंतरही चाप मागे जात राहतो, ते ‘ओव्हरट्रॅव्हल’. या दोहोंच्या मधला, आधार तुटण्याचा क्षण हा खरा महत्त्वाचा. तो काचेची काडी मोडावी तसा अचानक व स्वच्छ असावा, अशी अपेक्षा असते. येथे भाषेविषयी एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. मराठीत ‘चाप ओढणे’ हा प्रयोग रूढ असला, तरी प्रशिक्षित नेमबाज चाप ओढत नाही, तो दाबतो. ओढण्यात मनगट आणि खांदा सहभागी होतात, दाबण्यात केवळ बोटाचे पेर.

या सूक्ष्मतेचे मोल एका साध्या गणिताने ध्यानात येते. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अवघा ०.५ मिलिमीटर व्यासाचा असतो, आणि छर्रा ४.५ मिलिमीटरचा. दशांश गुणांकनात छर्ऱ्याचे केंद्र मध्यबिंदूपासून दर ०.२५ मिलिमीटर दूर गेल्यास ०.१ गुण कमी होतो. मागील व पुढील साइटमध्ये सुमारे एक मीटर अंतर धरले, तर चाप दाबताना पुढील टोक ०.१ मिलिमीटर हलल्यास छर्रा लक्ष्यावर १ मिलिमीटर सरकतो, म्हणजे सुमारे ०.४ गुण गमावले जातात. कागदाच्या एका पानाच्या जाडीइतकी ही हालचाल आहे. अंतिम फेरीत पदकाचा निकाल याहून कमी फरकाने लागल्याची उदाहरणे आहेत.

एकटप्पी आणि द्विटप्पी चाप

एकटप्पी चापात बोटाला आरंभीच सिअरचा पूर्ण विरोध जाणवतो. दाब वाढत जातो आणि चाप जवळजवळ न हलता गोळी सुटते. द्विटप्पी चापात प्रथम हलक्या दाबाने काही अंतर पार करावे लागते, मग बोट एका स्पष्ट भिंतीशी येऊन थांबते, आणि तेथून पुढचा थोडा दाब गोळी सोडतो. ऑलिंपिक प्रकारांतील रायफलींवर द्विटप्पी चापाचेच प्राबल्य आहे. जर्मनीतील अन्शुट्झ कंपनीचा ५०१८ क्रमांकाचा द्विटप्पी चाप हे याचे प्रसिद्ध उदाहरण असून तो साधारण १०० ग्रॅमच्या आसपास ठेवला जातो.

द्विटप्पी रचनेचा लाभ केवळ यांत्रिक नाही. पहिला टप्पा संपल्याची जाणीव ही नेमबाजाच्या मनाला दिलेली सूचना असते: बोट जागेवर आले, आता नेम पूर्ण करावा अथवा श्वास सोडून पुन्हा आरंभ करावा. निर्णय मागे घेण्याची ही सोय एकटप्पी चापात इतक्या स्पष्टपणे मिळत नाही. उलटपक्षी, बेंचरेस्ट प्रकारात रायफल टेकूवर स्थिर असते आणि नेमबाज केवळ वाऱ्याची योग्य घडी साधत असतो, तेथे अत्यंत हलका एकटप्पी चापच सोयीचा ठरतो. चापाची निवड प्रकारानुसार बदलते ती अशी.

वजनाचा प्रश्न

चापाचे वजन म्हणजे तो सोडण्यास लागणारे बल. ते ग्रॅममध्ये अथवा पौंडात सांगण्याचा प्रघात आहे. वजन कमी झाल्याने नेमके काय साधते? बोटाचा दाब हा रायफलवर लावलेला बाह्य दाबच असतो. ५.५ किलोग्रॅमच्या रायफलवर दोन किलोग्रॅमचा दाब द्यावा लागला आणि तो किंचितही तिरका असला, तर रायफल हलणारच. १०० ग्रॅमच्या दाबात तीच चूक झाली तरी परिणाम कितीतरी कमी. येथवर हलक्या चापाचा पक्ष निर्विवाद आहे.

तथापि वजन एका मर्यादेखाली गेल्यावर नफा घटतो आणि जोखीम वाढते. थंडीने बधिर झालेल्या बोटाला अतिहलका चाप जाणवतच नाही. नवोदित नेमबाजाच्या हातून नेम पूर्ण होण्याआधीच गोळी सुटते, आणि तशी ती दोनचारदा सुटली की त्याचे बोट चापाला भिऊ लागते. ही भीती मोडून काढणे प्रशिक्षकास चाप बदलण्यापेक्षा अवघड जाते. शिवाय गोळीच्या आवाजाला व धक्क्याला दचकून झटका देण्याची सवय ही वजनाची नव्हे, मनाची समस्या आहे. ती हलक्या चापाने जात नाही, फक्त झाकली जाते.

म्हणून वजनाच्या आकड्यापेक्षा त्या आकड्याचे सातत्य अधिक मोलाचे मानावे लागते. ज्या चापाचे मापन दहा वेळा केले असता दहाही वेळा जवळजवळ सारखाच आकडा येतो, असा २५० ग्रॅमचा चाप हा ८० ते १४० ग्रॅममध्ये हेलकावणाऱ्या चापापेक्षा निःसंशय श्रेष्ठ होय. उत्पादकांचे प्रयत्नही याच दिशेने झालेले दिसतात. कॅनडातील ट्रिगरटेक कंपनीने सिअर आणि चाप यांच्यामध्ये मुक्तपणे फिरणारा रोलर ठेवून घर्षणाचे रूपांतर लोटण्यात केले. ऑस्ट्रियातील बिक्सन अँडी यांच्या चापांत पोलादी गोळ्यांचा उपयोग केलेला आहे. घासणारे पृष्ठभाग कालांतराने झिजतात आणि झिजेबरोबर वजनही बदलते, ही अडचण या रचनांच्या मुळाशी आहे. इलेक्ट्रॉनिक चापात तर बोट केवळ विद्युतसंकेत देते. त्यामुळे स्पर्श अत्यंत एकसारखा राहतो, मात्र बॅटरीची काळजी ही एक नवी जबाबदारी येते.

नियमांची चौकट

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल यांत चापाच्या वजनाला किमान मर्यादा नाही; ३०० मीटर स्टँडर्ड रायफलसाठी मात्र ती १५०० ग्रॅम आहे. अमेरिकेतील सर्व्हिस रायफल स्पर्धांत साडेचार पौंड, म्हणजे सुमारे दोन किलोग्रॅम, हे किमान वजन परंपरेने चालत आले आहे. जेथे अशी मर्यादा असते तेथे नळी उभी धरून चापाला ठरावीक वजन टांगतात, आणि चापाने ते न सुटता पेलले पाहिजे. ज्याने आपला चाप बरोबर मर्यादेवर ठेवला आहे, त्याची या तपासणीत अनेकदा फजिती होते. थोडी झीज अथवा तापमानातील फरक पुरेसा असतो. मर्यादेपेक्षा किंचित अधिक वजन ठेवणे हेच शहाणपणाचे.

रेमिंग्टन ७०० : एक बोधप्रद प्रकरण

बदली चापांच्या व्यवसायाचा इतिहास अमेरिकेतील रेमिंग्टन ७०० या रायफलीशी निगडित आहे. १९६२ मध्ये बाजारात आलेल्या या रायफलीत चापाचा संपूर्ण संच दोन पिनांवर अडकवलेला असतो, त्यामुळे तो बदलणे तुलनेने सोपे. टिम्नी, ज्युवेल यांसारख्या उत्पादकांनी या रचनेत बसणारे चाप तयार केले, आणि आज अन्य कंपन्यांच्या कित्येक स्पर्धा-रायफलीही याच मापाचा चाप स्वीकारतील अशा घडविल्या जातात.

या रायफलीच्या मूळ चापाची रचना माइक वॉकर या अभियंत्याची. १९४८ च्या ७२१ व ७२२ या मॉडेलांपासून ती वापरात होती. चापाचा स्पर्श नेमबाजांना आवडे, कारण चाप आणि सिअर यांच्यामध्ये ‘कनेक्टर’ नावाची एक पातळ, सुटी पट्टी बसवून ओव्हरट्रॅव्हल कमी केलेले होते. प्रत्येक गोळीनंतर ही पट्टी चापापासून क्षणभर दूर होई व स्प्रिंगच्या जोराने परत येई. परत येताना मध्ये धूळ, गंज किंवा घट्ट झालेले वंगण आले, तर पट्टी पूर्ण जागेवर बसत नाही, सिअरचा आधार अपुरा राहतो आणि चापाला स्पर्श न होताही गोळी सुटू शकते, असा आक्षेप अनेक दाव्यांतून घेतला गेला. कंपनीने रायफल सुरक्षित असल्याची भूमिका कायम ठेवली. २००० मध्ये मोन्टाना राज्यात शिकारीच्या वेळी सेफ्टी काढताना सुटलेल्या गोळीने नऊ वर्षांच्या एका मुलाचा मृत्यू झाला, आणि त्यानंतर हा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला.

पुढे कंपनीने कनेक्टरविरहित ‘एक्स-मार्क प्रो’ हा नवा चाप आणला. परंतु एप्रिल २०१४ मध्ये, १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात तयार झालेल्या या चापाच्या रायफलीही कंपनीला परत मागवाव्या लागल्या. कारण होते जुळणीच्या वेळी वापरलेले जास्तीचे चिकट द्रव्य. रचनेतला दोष दूर झाला, तर जुळणीतल्या एका थेंबाने घात केला! चापात मिलिमीटरच्या अंशांचा खेळ असतो हे वर म्हटले आहे. अंश इतके सूक्ष्म असले की थेंबही मोठा ठरतो. वजन कमी करणे म्हणजे बहुधा सिअरचा आधार किंवा स्प्रिंगचा जोर कमी करणे, आणि म्हणून हलक्या चापात घाणीला, झिजेला व निष्काळजीपणाला क्षमा नसते.

निवड व तपासणी

या पार्श्वभूमीवर निवडीचा क्रम उलगडतो. प्रथम स्पर्धेचा प्रकार व त्याचा नियम पाहावा. नंतर चापाच्या पात्याची जागा मागेपुढे व तिरकी करता येते का, हे तपासावे. थ्री पोझिशन्स प्रकारात गुडघ्यावर, पालथे आणि उभे अशा तिन्ही स्थितींत मनगटाचा कोन वेगळा होतो आणि बोटाचे पेर पात्यावर निरनिराळ्या ठिकाणी पडू लागते. पाते हलवता येत नसेल तर उत्तम चापही तिरका दाबला जातो. त्यानंतर चाप उघडून स्वच्छ करणे कितपत सुलभ आहे हे पाहावे. मोकळ्या मैदानावरची धूळ आणि आपल्याकडील पावसाळ्यातील दमटपणा यांचा विचार करता ही बाब किरकोळ नाही. वजनाचा क्रमांक यानंतर लागतो.

चाप बसविण्याचे काम अनुभवी शस्त्रतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे आणि पुढील परीक्षा रिकाम्या रायफलवर, चेंबर दोनदा तपासून घ्याव्यात. बोल्ट जोरात बंद करून सिअर सुटतो का, सेफ्टी लावून चाप दाबावा व सोडावा, मग चापाला न शिवता सेफ्टी काढल्यावर फायरिंग पिन पडते का, रबरी हातोडीने सर्व बाजूंनी ठोकल्यावर काय होते, हे पुन्हापुन्हा पाहावे. एकदाही सिअर सुटला तर तो चाप, कितीही नामांकित असला तरी, मैदानावर नेऊ नये. वजन आणखी कमी करण्याच्या मोहाने उत्पादकाने लाखबंद केलेला स्क्रू फिरवणारे खेळाडू आढळतात. सिअरचा आधार ठरवणारा स्क्रू हा खेळाडूच्या आवडीनिवडीचा विषय नाही.

भारतीय खेळाडूच्या बाबतीत आणखी एक बाजू आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्रे’ या संज्ञेत शस्त्रांचे भागही समाविष्ट होतात. त्यामुळे परदेशातून चाप मागवणे हे एखादे क्रीडासाहित्य मागवण्याइतके सरळ नसते; परवाना व आयात यांची पूर्तता आधी करावी लागते. साहजिकच आवडला नाही म्हणून चाप परत पाठवण्याची चैन येथील खेळाडूला परवडत नाही. खरेदीपूर्वी त्याच प्रकारच्या चापावर, सहकाऱ्याच्या रायफलवर आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, काही दिवस कोरडा सराव करून पाहणे हा त्यातल्या त्यात खात्रीचा मार्ग आहे. नवा चाप आल्यावर त्याचे वजन दर महिन्याला मोजून सरावाच्या वहीत नोंदवावे. झीज बोटाला कळण्याच्या पुष्कळ आधी त्या वहीत दिसते.