‘फिडल’ : एका वाद्यनामाचा अर्थविस्तार

इंग्रजीतील ‘फिडल’ हा शब्द आपल्याकडील वाचकास बहुधा एकाच वाक्यामुळे परिचित असतो : रोम जळत असताना नीरो फिडल वाजवीत होता. व्याख्यानांतून व अग्रलेखांतून हे वाक्य इतके रूढ झाले आहे, की त्यातील वाद्याविषयी कोणासही शंका येत नाही. वस्तुतः रोमची ती आग इसवी सन ६४ मधील, आणि आज आपण ज्यास व्हायोलिन म्हणतो ते वाद्य इटलीत सिद्ध झाले सोळाव्या शतकात. मग हे वाद्य नीरोच्या हाती आले कोठून? या प्रश्नाचे उत्तर इतिहासापेक्षा शब्दार्थाच्या वाटचालीत अधिक सापडते.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘फिथेले’ असा आढळतो; जर्मन ‘फीडेल’ व आइसलँडिक ‘फिडला’ ही त्याची भावंडे होत. या सर्वांचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘विटुला’ या वाद्यनामात असावे, असे अनेक व्युत्पत्तिकार मानतात. ‘व्हायोला’ व त्याचे लघुत्ववाचक रूप ‘व्हायोलिन’ यांचा उगमही तेथेच दाखविला जातो. हे ग्राह्य धरल्यास ‘फिडल’ आणि ‘व्हायोलिन’ हे एकाच कुळातील शब्द ठरतात. परंतु इंग्रजी समाजात एकास दरबारी मान मिळाला, तर दुसरा जत्रेत व पानगृहात रमला. वाद्य तेच, पण आयर्लंड-स्कॉटलंडमधील लोकनृत्याची साथ करते तेव्हा ते फिडल, आणि सभागृहात वाजते तेव्हा व्हायोलिन.

हा भेद आरंभापासूनचा नव्हे. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसरने आपल्या ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत ऑक्सफर्डच्या एका निर्धन विद्वानाचे चित्र रेखाटले आहे. भारी वस्त्रे किंवा फिडल यांपेक्षा ॲरिस्टॉटलचे वीस ग्रंथ उशाशी असावेत, ही त्याची आवड. येथे फिडलची गणना हव्याशा वाटणाऱ्या वस्तूंत झाली आहे. पुढे मात्र वादकाची प्रतिष्ठा घसरत गेली. १५७२ च्या इंग्लंडमधील कायद्याने आश्रयदाता नसलेल्या फिरत्या गायक-वादकांना भटक्यांच्या यादीत बसविले. क्रॉमवेलच्या राजवटीतील कायद्याने तर पानगृहात फिडल वाजविणाऱ्यांचा नावानिशी उल्लेख करून त्यांना दंडनीय ठरविले. वादक हीन ठरला, की त्याचे वाद्यही हलके ठरते. आणि वाद्य हलके ठरले, की त्याचे नाव निंदेसाठी मोकळे होते.

पुढील अर्थ या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजेत. क्रियापद म्हणून ‘फिडल’ याचा एक अर्थ निरर्थक हस्तचाळा करणे, म्हणजे गुंडीशी किंवा लेखणीशी बोटे खेळविणे. त्यातूनच वेळ दवडणे हा अर्थ येतो, आणि विशेषण झाले की ‘क्षुल्लक’ असा. हिशेबाच्या संदर्भात त्याचा अर्थ होतो अफरातफर. गजाचे नाव ‘फिडलस्टिक’. त्याचे अनेकवचन उद्गार म्हणून आले, की ‘काहीतरीच!’ असा भाव प्रकटतो. वाद्यवृंदात दुसऱ्या गटातील व्हायोलिनवादक पहिल्या गटास पूरक वाजवितात. त्यावरून ‘दुसरे फिडल वाजविणे’ म्हणजे दुय्यम भूमिका पत्करणे.

सर्वच अर्थ निंदाव्यंजक आहेत असे मात्र नव्हे. ‘फिडलसारखा फिट’ हा प्रयोग आज धडधाकट माणसाविषयी होतो. सतराव्या शतकाच्या आरंभी ‘फिट’ म्हणजे ‘सुयोग्य’ एवढाच त्याचा आशय होता. कोवळ्या नेच्याच्या गुंडाळलेल्या शेंड्यास ‘फिडलहेड’ म्हणतात, कारण तो वाद्याच्या वळलेल्या माथ्यासारखा दिसतो. जहाज हेलकावे खात असता ताटे घसरू नयेत म्हणून मेजास जी कड लावतात, तीही ‘फिडल’च.

आता पुन्हा नीरोकडे वळू. आग लागली तेव्हा तो रोममध्ये नव्हे, तर अँटियम येथे होता, असे टॅसिटस सांगतो. नगर जळत असता त्याने ट्रॉयच्या विनाशाचे गीत गाइले, ही गोष्ट तो केवळ वदंता म्हणून नोंदवितो. नीरो जे वाद्य वाजवीत असे ते ‘किथारा’, म्हणजे छेडून वाजविण्याचे तंतुवाद्य. शेक्सपिअरच्या ‘सहावा हेन्री’ या नाटकाच्या पहिल्या भागात त्याच्या हाती ल्यूट आहे. सतराव्या शतकात तेथे फिडल आले. ‘फिडल’ या एकाच क्रियापदात ‘वादन करणे’ आणि ‘रिकामटेकडा चाळा करणे’ हे दोन्ही अर्थ सामावल्यामुळे ते तेथे टिकून राहिले असावे. मराठीत वाक्य आले ते केवळ वाद्य घेऊन. श्लेष मागेच राहिला.

भाषांतरकाराने येथे सावध राहिले पाहिजे. फिडलच्या जागी ‘तुणतुणे’ घालण्याचा मोह होतो. परंतु ‘तुणतुणे वाजविणे’ म्हणजे तेच ते पुनःपुन्हा सांगणे. दोन्ही वाद्ये लोकरंजनातील, दोन्ही उपहासास पात्र झालेली. तथापि उपहासाचे कारण निराळे. इंग्रज माणसास फिडलवादकाचा हात निरुद्योगी दिसला, तर मराठी माणसास तुणतुण्याचा एकच स्वर खटकला. म्हणून संदर्भानुसार ‘चाळा’, ‘अफरातफर’ किंवा ‘दुय्यम भूमिका’ असे निरनिराळे शब्द योजणेच श्रेयस्कर.

दक्षिण भारतातील उदाहरण याहून बोधप्रद आहे. बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५८) यांच्या काळापासून हे वाद्य कर्नाटक संगीतात रुळले, आणि त्याबरोबर त्याचे नावही तेथील भाषांत शिरले : तेलुगूत ‘फिडेलु’, कन्नडमध्ये ‘पिटीलु’. म्हैसूरचे थोर वादक टी. चौडय्या यांचा ‘पिटीलु चौडय्या’ असा उल्लेख होतो तो गौरवानेच. इंग्लंडमध्ये या नावास चिकटलेली हेटाळणी समुद्र ओलांडून आली नाही. शब्द उसना घेता येतो. त्याची बरीवाईट प्रतिष्ठा मात्र तो वापरणारा समाजच ठरवितो.