शेजाऱ्याचा आकडा आपल्या कामाचा किती?



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ देता देता एका नव्या घरमालकांना मी सहज विचारलं, "रेडॉनची टेस्ट केलीत का?" ते म्हणाले, "छे हो! शेजारच्यांनी केली होती, त्यांचा आकडा दीड आला. एकच बिल्डर, एकच जमीन. मग आमचा वेगळा कशाला येईल?"

प्रश्न वरवर बिनतोड होता. तिळगूळ तोंडात असल्यामुळे मला लगेच उत्तर देता आलं नाही (गोड बोलायचं होतं ना!). ते आता लिहून देते.

आधी रेडॉनची ओळख. हेलियम, निऑन, आरगॉन ज्या रांगेत बसतात त्याच रांगेतला हा वायू. रंग नाही, वास नाही, चव नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन तयार होतो, आणि तळघराच्या भेगांतून, पाइपांच्या बाजूच्या फटींतून घरात शिरतो. त्याचं अर्धायुष्य ३.८ दिवसांचं. त्याचं विघटन होऊन पोलोनियमसारखी मूलद्रव्यं बनतात, ती श्वासाबरोबर फुप्फुसात जाऊन चिकटतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याच्या अंदाजानुसार इथे दरवर्षी सुमारे २१,००० लोक रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कॅन्सरने दगावतात. धूम्रपानाच्या खालोखाल हेच कारण.

आपल्याकडे हे नाव कधी ऐकलं नाही, असं पुष्कळ जण म्हणतात. साहजिक आहे. दख्खनच्या काळ्या पत्थरात, म्हणजे बेसाल्टमध्ये, ग्रॅनाइटच्या मानाने युरेनियम फार कमी. शिवाय घरांना तळघरं नाहीत आणि खिडक्या सताड उघड्या. इथे मात्र हिवाळाभर घर बंद, आणि बेसमेंटमध्ये मुलांचं खेळणं, तबल्याचा रियाज, झालंच तर भारतातून आलेल्या पाहुण्यांची झोपायची सोय.

१९८४ च्या डिसेंबरातली गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक अणुवीज केंद्रात स्टॅन्ले वॉट्रस नावाचे इंजिनियर कामावर आले की किरणोत्साराचा इशारा देणारी यंत्रं वाजू लागत. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूही झालेली नव्हती! शोध घेतला तेव्हा किरणोत्सार त्यांच्या घरून येत होता. घरातल्या हवेत दर लिटरला सुमारे २७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. ज्या आकड्याला घर दुरुस्त करा असं सरकार सांगतं, तो आहे फक्त ४. हे घर रेडिंग प्रॉंग नावाच्या खडकांच्या पट्ट्यावर होतं. हा पट्टा पेनसिल्व्हेनियातून न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्ककडे जातो.

म्हणजे जागेचा आणि रेडॉनचा संबंध आहेच. मग शेजाऱ्याच्या आकड्यावर भरवसा का ठेवू नये?

जवळच्या जागांचे आकडे एकमेकांसारखे असण्याला संख्याशास्त्रात 'स्पेशियल ऑटोकोरिलेशन' म्हणतात. वॉल्डो टोब्लर या भूगोलतज्ज्ञाने १९७० मध्ये मांडलेलं तत्त्व असं, की सगळ्याच गोष्टी एकमेकींशी निगडित असतात, पण जवळच्या जास्त. हे 'जास्त' म्हणजे किती, ते मोजायची रीत पॅट्रिक मोरन या ऑस्ट्रेलियन संख्याशास्त्रज्ञाने १९५० मध्ये दिली. ती कागद-पेन्सिलीने करता येते. करून बघू या.

समजा, एका गल्लीत ओळीने सहा घरं आहेत आणि त्यांचे आकडे (काल्पनिक) असे: ९, ८, ७, ३, २, १. सरासरी ५. प्रत्येक घर सरासरीपेक्षा किती वर-खाली? ४, ३, २, उणे २, उणे ३, उणे ४. आता शेजारी-शेजारी घरांच्या फरकांचे गुणाकार करा: १२, ६, उणे ४, ६, १२. पाच जोड्यांची बेरीज ३२, सरासरी ६.४. मग प्रत्येक फरकाचा वर्ग करा. बेरीज ५८, सहा घरांची सरासरी ९.६७. पहिल्या सरासरीला दुसरीने भागा. उत्तर ०.६६. हाच मोरनचा आकडा. शेजारी सारखे असले की तो धन येतो. तीच घरं ९, १, ८, २, ७, ३ अशी आलटून पालटून असती, तर उत्तर उणे ०.९७ आलं असतं. आणि संबंधच नसेल तर शून्याच्या किंचित खाली. सहा घरांसाठी तो अपेक्षित आकडा उणे ०.२.

आता शंकेखोर पुणेकर विचारणार, "हे योगायोगाने झालं नसेल कशावरून?" रास्त प्रश्न. त्याची परीक्षाही सोपी आहे. सहा आकडे पत्त्यांसारखे पिसायचे आणि घरांना पुन्हा वाटायचे. असे एकूण ७२० डाव होतात. मी बसून मोजले. ०.६६ किंवा त्याहून मोठं उत्तर त्यांतल्या फक्त १६ डावांत येतं, म्हणजे ४५ डावांत एकदा. तेव्हा हा निव्वळ योगायोग मानणं कठीण. घरं शेकड्यांनी असली की सगळे डाव मोजता येत नाहीत, मग कॉम्प्युटरकडून हजारभर डाव पिसून घेतात.

यात एक मेख आहे. शेजारी कोणाला म्हणायचं, ते आधी ठरवावं लागतं. नकाशावरच्या चौकोनांसाठी बुद्धिबळातली भाषा वापरतात. हत्तीसारखं सरळ बघितलं तर चार शेजारी, वजिरासारखं तिरकंही बघितलं तर आठ. व्याख्या बदलली की उत्तर बदलू शकतं. म्हणून ती आकडे बघण्याआधी ठरवावी, नंतर सोयीने नव्हे.

दुसरी गोष्ट म्हणजे, शेजारी सारखे असतील तर शंभर शेजाऱ्यांची माहिती ही शंभर वेगळ्या माणसांची माहिती नसते. सदाशिव पेठेतल्या एकाच वाड्यातल्या दहा बिऱ्हाडांना विचारून महाराष्ट्राचं मत कळत नाही, तसंच.

आता आपल्या मित्रांच्या प्रश्नाकडे वळू. वरच्या गल्लीत शेजाऱ्यांचं साम्य भक्कम आहे, परीक्षेलाही उतरलं आहे. पण तिसरं आणि चौथं घर बघा. भिंतीला भिंत, आणि एकात ७, दुसऱ्यात ३! एक धोक्याच्या रेषेच्या वर, दुसरं खाली. चौथ्या घराचा आकडा ऐकून तिसऱ्या घरातले निर्धास्त झोपले असते.

मोरनचा आकडा सबंध गल्लीचा कल सांगतो, एका घराची हमी देत नाही. रेडॉनच्या बाबतीत तर दोन वेगवेगळी मापं एकत्र येतात. मैलोन् मैल पसरलेला खडक तालुक्या-तालुक्यांत साम्य आणतो. पण स्लॅबची भेग, संप पंपाचा खड्डा, घरातल्या हवेचा दाब या गोष्टी प्रत्येक घराच्या आपल्या आपल्या. सरकारने १९९३ मध्ये काउंटीनुसार रेडॉनचा नकाशा काढला, आणि त्याबरोबर हेही सांगितलं की आपल्या घराची टेस्ट करायची की नाही हे या नकाशावरून ठरवू नका.

तेव्हा मंडळी, टेस्ट करा. कोळशाची डबी हार्डवेअरच्या दुकानात स्वस्तात मिळते. राहत्या भागातला सर्वांत खालचा मजला निवडा, स्वयंपाकघर आणि बाथरूम टाळा. बारा तास आधीपासून टेस्ट संपेपर्यंत खिडक्या बंद ठेवा आणि डबी निदान ४८ तास उघडी ठेवा. मग ती त्याच दिवशी पोस्टात टाका. अर्धायुष्य ३.८ दिवसांचं आहे, हे विसरू नका! डबी आठवडाभर गाडीत पडून राहिली तर पकडलेला बराचसा रेडॉन वाटेतच संपेल. आकडा ४ च्या वर आला तर घाबरू नका, पुन्हा टेस्ट करा. पुन्हा तसाच आला तर स्लॅबखालून पाइप काढून पंख्याने हवा छपराबाहेर सोडतात, आणि आकडा उतरतो. २ ते ४ च्या मध्ये असला तरी दुरुस्तीचा विचार करावा असं खातं सांगतं.

आमच्या मित्रांनी परवा डबी आणली. निकाल काय आला, ते त्यांनाच विचारा. पण तो ऐकून स्वतःची टेस्ट टाळू नका, म्हणजे झालं!