थरचे वाळवंट आणि लोककलावंतांची सर्जनशीलता

निसर्ग कलावंताला प्रेरणा देतो, हे सर्वमान्य आहे. मात्र ही प्रेरणा पिढ्यानपिढ्या टिकायची, तर तिला समाजव्यवस्थेचा आधार लागतो. पश्चिम राजस्थानातील लंगा व मांगणियार या गायक-वादक समुदायांची परंपरा हे त्याचे ठळक उदाहरण होय.

भूप्रदेशाचा ठसा

जैसलमेर परिसरात वर्षाला सुमारे २०० मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी पाऊस पडतो. शेती बेभरवशाची असल्याने पशुपालन हा उपजीविकेचा प्रमुख आधार राहिला. चाऱ्यासाठी व व्यापारासाठी पुरुष दीर्घकाळ घरापासून दूर राहत. त्यामुळे पाणी आणि विरह हे येथील गीतांचे महत्त्वाचे विषय बनले. ‘पणिहारी’ गीतांत पाणी भरणारी स्त्री भेटते; ‘कुरजां’मध्ये हिवाळी पाहुणा असलेला कांड्या करकोचा विरहिणीचा दूत होतो. वाद्यांवरही पशुपालनाची छाप आहे. मांगणियारांचा कमायचा बकऱ्याच्या कातड्याने मढवलेला असतो व त्याच्या मुख्य तारा आतड्याच्या असतात.

यजमानी व्यवस्था

हे दोन्ही समुदाय मुस्लिम आहेत. लंगांचे यजमान प्रामुख्याने सिंधी सिपाही मुस्लिम, तर मांगणियारांचे मुख्यत्वे राजपूत व अन्य हिंदू आहेत. जन्म, विवाह, मृत्यू अशा प्रसंगी गायन करणे व यजमानाच्या वंशावळीचे स्मरण ठेवणे हे कलावंताचे कर्तव्य असते. मोबदल्यात धान्य, पशू व रोख रक्कम मिळत असे. हे नाते वंशपरंपरागत असल्याने दुष्काळी प्रदेशातही कलावंताला काही प्रमाणात आर्थिक सुरक्षितता लाभे. प्रत्येक विधीसाठी स्वतंत्र गीत आवश्यक असल्याने गीतभांडारही समृद्ध झाले. अर्थात, या सुरक्षिततेला सामाजिक विषमतेची किनार होती.

बदलता आश्रय

१९५२ च्या राजस्थान भूमी सुधारणा व जहागीर पुनर्ग्रहण कायद्यामुळे जहागीरदारी संपुष्टात आली. जमीन कसणाऱ्याच्या दृष्टीने हे पाऊल आवश्यकच होते. परंतु त्यामुळे मोठ्या आश्रयदात्यांचे उत्पन्न घटले. कोमल कोठारी व विजयदान देथा यांनी १९६० मध्ये बोरुंदा येथे रूपायन संस्थान स्थापन केले. कोठारी यांनी बाजरी, ज्वारी व मका या मुख्य अन्नधान्यांच्या आधारे राजस्थानचे सांस्कृतिक विभाग मांडले, लोकगीतांचे ध्वनिमुद्रण केले आणि कलावंतांना देश-विदेशांतील मंच मिळवून दिले. कमायचावादक साकर खान यांना २०१२ मध्ये, तर सिंधी सारंगीवादक लाखा खान यांना २०२१ मध्ये पद्मश्री प्राप्त झाली.

आव्हान

पर्यटन व महोत्सवांमुळे उत्पन्नाचे नवे साधन मिळाले. तथापि, यजमान आयुष्यभराचा असतो, तर मंचाचे मानधन एका संध्याकाळचे. शिवाय मंचावर मोजक्याच लोकप्रिय गीतांना मागणी असते. विधींची दीर्घ गीते गाण्याचे प्रसंग कमी झाले, की ती शिकण्याचे कारणही उरत नाही.

त्यामुळे केवळ महोत्सव भरवून ही परंपरा टिकणार नाही. ज्येष्ठ कलावंतांकडून मुलांना नियमित शिक्षण, त्यासाठी शिष्यवृत्ती, वाद्य बनविणाऱ्या कारागिरांना साहाय्य आणि ध्वनिमुद्रणातून मिळणाऱ्या उत्पन्नात न्याय्य वाटा, या उपायांची सांगड घालावी लागेल. वाळवंटाने कलावंताला विषय दिला, समाजाने निर्वाह दिला. निर्वाहाची ही जबाबदारी आता सार्वजनिक संस्थांनाही उचलावी लागणार आहे.