घाटंजीच्या लेथवर शर्यतीचे इंजिन

वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये मुंबईत उभ्या केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने १९८५ साली ‘११८ एनई’ ही मोटार बाजारात आणली, तेव्हा तिचा सांगाडा इटलीच्या फियाट १२४ चा असला तरी इंजिन आणि गिअरबॉक्स जपानच्या निसानचे होते. हे ११७१ घनसेंटिमीटरचे ‘ए-१२’ इंजिन त्याच कुळातले, ज्याच्या बळावर १९७० सालच्या डॅटसन १२०० या हलक्याशा जपानी मोटारीने फूजीच्या शर्यतमार्गावर दशकभर आपला दबदबा राखला आणि जिला जुन्या मोटारींच्या शर्यतींचे शौकीन आजही जिवापाड जपतात.

अशा इंजिनाचा यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीशी संबंध काय, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर या मुलखातील जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांत मिळते. ऐन हंगामात यंत्र बंद पडले आणि कापसाच्या गाड्या फाटकाबाहेर ताटकळू लागल्या, म्हणजे सुटा भाग मुंबईहून येईपर्यंत धीर धरणे कोणाला परवडत नाही. तो येथेच, लेथवर, हातोहात घडवावा लागतो. या निकडीतून ज्यांची बोटे थाऊच्या, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागाच्या, मापाला सरावली, अशा एका मिस्त्रींच्या शेडमध्ये ‘११८ एनई’चे इंजिन शर्यतीच्या शिस्तीने बांधले जात असताना मला जवळून पाहावयास मिळाले.

पहिली तपासणी हेडची. ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे. यवतमाळ जिल्ह्याच्या उन्हाळ्यात रेडिएटरकडे एकदा जरी दुर्लक्ष झाले तरी ते वाकते. मिस्त्रींनी पोलादी पट्टी हेडवर आडवी, उभी आणि तिरपी अशी ठेवून तिच्याखाली फीलर गेजचे पान सरकवून पाहिले. जेथे पान अडले नाही तेथे खडूची खूण केली आणि मगच ते पृष्ठभाग घासण्यास घेतले. किती घासावे याचा निर्णय मात्र त्यांनी लांबणीवर टाकला, कारण हेड जितके खाली येईल तितकी ज्वलनकक्षाची जागा घटते, आणि त्या जागेचा हिशेब अद्याप व्हावयाचा होता.

हा हिशेब ज्या रीतीने झाला ती मला सर्वांत मननीय वाटली. व्हॉल्व्ह आणि प्लग बसवून हेड उताणे ठेवले, प्रत्येक कक्षाच्या कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेले पारदर्शक तावदान टेकवले, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतील असावी तशा काचेच्या ब्युरेटमधून रॉकेल थेंबाथेंबाने आत सोडले. शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला की ब्युरेटवरचा आकडा वहीत. एका सिलिंडरचे आकारमान सुमारे २९३ घनसेंटिमीटर. त्यावर साडेछत्तीस घनसेंटिमीटरच्या आसपास जागा उरली तर दाबाचे प्रमाण नवास एक पडते, आणि ती जागा केवळ एका घनसेंटिमीटरने कमी झाली की तेच प्रमाण सव्वानऊच्या जवळ पोचते. चार सिलिंडरांत असा भेद राहिला तर एक बिचारा इतरांहून अधिक तापतो आणि तेथेच प्रथम पिस्टन जळतो. म्हणून ज्या कक्षात रॉकेल कमी मावले, त्याची भिंत मिस्त्री बारीक दगडाने हळूच उघडत, पुन्हा भरत, पुन्हा मोजत. मी घाईने काही विचारले, तेव्हा नजर वर न करता ते म्हणाले, ‘भाऊ, हे घाईचं काम नोय.’

पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड यांचे वजनही असेच सोनाराच्या काट्यावर समान केले गेले. रॉडचे तर दोन्ही टोकांचे वजन वेगवेगळे घेतले. याचे कारण शुद्ध गणिती आहे: इंजिनाचे फेरे मिनिटाला ५००० वरून ७००० वर नेले, की वर-खाली धावणाऱ्या भागांचा जडत्वजन्य ताण वर्गाच्या प्रमाणात वाढून जवळजवळ दुप्पट होतो. रस्त्यावर वर्षानुवर्षे निमूट चाललेला रॉड शर्यतीत ब्लॉक फोडून बाहेर येतो तो यामुळेच.

तथापि, ऐतिहासिक शर्यतीत ताकद हे एकमेव प्रयोजन नसते. आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाच्या ‘अपेंडिक्स के’ या नियमावलीचा मुख्य कटाक्ष असा, की मोटार आपल्या काळात ज्या तपशिलाने धावली त्याच तपशिलाने धावावी. सुरक्षेचा पिंजरा, पट्टे, अग्निशामक यांस मुभा, परंतु आधुनिक इंधनयंत्रणेस नाही. जुन्या वस्तूची अब्रू राखणारा हा दंडक मला अत्यंत रास्त वाटतो. त्यामुळे कार्ब्युरेटर राहिला, कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच राहिला, आणि पुशरॉड सरळ आहेत की नाहीत हे मिस्त्रींनी काचेवर फिरवून एकेक करून पाहिले.

इंजिन प्रथम सुरू झाले तेव्हा त्यांनी फक्त तेलाच्या दाबाचा काटा पाहिला आणि मालकाला ताकीद दिली, की सुरुवातीचे काही शेकडो किलोमीटर ते रस्त्यावरच, जपून, चालवावे.

‘११८ एनई’चे उत्पादन केव्हाच थांबले आहे, आणि विदर्भातील कित्येक वाड्यांच्या आवारात त्या गाड्या कडुलिंबाखाली गंजत उभ्या आहेत. आपल्याकडे अशी गाडी असेल, तर ती भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी एखाद्या जाणत्या मिस्त्रीकडून ब्लॉकला तडा आहे काय आणि सिलिंडर किती झिजले आहेत, एवढे तरी तपासून घ्यावे, आणि नोंदणीचे कागद कोणत्याही परिस्थितीत गहाळ होऊ देऊ नयेत.