सुकाणू हाती घेण्याआधी

कोकणात होडीवर गेलेला पोरगा एका दिवसात तांडेल होत नाही. आधी जाळी ओढायची, वारा आणि भरती-ओहोटी ओळखायला शिकायचं, मग कधीतरी सुकाणू हाती येतं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीत सुट्टीच्या दिवशी मोटरबोट काढणाऱ्याच्या गाठीशी ही वर्षं नसतात, पण बोटीत बायकामुलं बसलेली असतात. म्हणूनच या दोन्ही राज्यांत सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचं आहे. तिथे मराठी कुटुंबंही पुष्कळ आहेत, त्यामुळे या सक्तीबद्दलचे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : गाडी चालवता येते, मग बोटीत काय अवघड?

वस्तुस्थिती : बोटीला ब्रेक नसतो. सुकाणू फिरवलं की बोटीचा मागचा भाग बाहेरच्या बाजूला सरकतो. तिथे कुणी पोहत असेल तर फिरता पंखा थेट त्याच्याकडे जातो. जेट स्कीची गोष्ट आणखी वेगळी. समोर अडथळा दिसताच नवखा माणूस घाबरून थ्रॉटल सोडतो आणि हँडल वळवतो. पण जेट स्की वळते ती मागून सुटणाऱ्या पाण्याच्या झोतामुळे. झोत थांबला की हँडल कितीही फिरवा, बहुतेक जेट स्की सरळच जातात. हे आधी शिकलेलं असावं लागतं. ऐन वेळी सुचत नाही.

गैरसमज : मला उत्तम पोहता येतं, लाइफ जॅकेट कशाला?

वस्तुस्थिती : अमेरिकी तटरक्षक दलाच्या नोंदींनुसार २०२३ मध्ये तिथे हौशी नौकानयनात ५६४ जणांचा जीव गेला. मृत्यूचं कारण कळलेल्यांपैकी तीन चतुर्थांश बुडाले होते आणि बुडालेल्यांपैकी ज्यांच्या जॅकेटची नोंद झाली, त्यांतल्या ८७ टक्के लोकांनी ते घातलेलं नव्हतं. अचानक थंड पाण्यात पडलं की धाप लागते आणि थोड्याच वेळात हातपाय साथ सोडतात. तिथे पोहण्याचं कसब फारसं कामी येत नाही. जॅकेट नीट बसलंय का, हे पाहणं सोपं आहे. हात वर करा आणि दुसऱ्याला जॅकेट खांद्यापाशी वर ओढायला सांगा. ते हनुवटीवर आलं, तर सैल आहे.

गैरसमज : अपघात होतात ते खोल समुद्रात, मोठ्या बोटींना.

वस्तुस्थिती : बुडालेल्यांपैकी बहुतेक जण २१ फुटांहून लहान बोटींवर होते.

गैरसमज : पाण्यावर एखादी बिअर चालते.

वस्तुस्थिती : प्राणघातक अपघातांच्या ज्ञात कारणांत मद्याचा क्रमांक पहिला आहे. रक्तातल्या मद्याची ०.०८ टक्क्यांची मर्यादा अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने बोट चालवणाऱ्यालाही लागू आहे.

गैरसमज : मी भारतात बोट चालवली आहे, मला वेगळं काय शिकायचं?

वस्तुस्थिती : समुद्राकडून बंदरात शिरताना भारतात लाल बोया डाव्या हाताला ठेवतात, अमेरिकेत उजव्या हाताला. जुन्या सवयीने गेलात तर बोट सुरक्षित मार्ग सोडून उथळ पाण्यात घुसू शकते. इथे अनुभवी माणूसच आधी फसतो.

गैरसमज : हा नियम पोरासोरांसाठी आहे.

वस्तुस्थिती : न्यूयॉर्कने २०२० मध्ये सुरुवात १९९३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांपासून केली, मग टप्प्याटप्प्याने आधीच्या पिढ्यांना सामील करून घेतलं. १ जानेवारी २०२५ पासून मोटरबोट चालवणाऱ्या प्रत्येकाला, वय काहीही असो, प्रमाणपत्र लागतं.

गैरसमज : हे सगळं कागदासाठी.

वस्तुस्थिती : चालकाच्या प्रशिक्षणाची माहिती मिळाली अशा अपघातांत, २०२३ मधले ७५ टक्के मृत्यू प्रशिक्षण न घेतलेल्या चालकांच्या बोटींवर झाले. एका अभ्यासक्रमाने कुणी तांडेल होत नाही, हे खरंच. पण तो काही साध्या सवयी लावतो. त्यातली एक म्हणजे सुरक्षा दोरी. तिचं एक टोक इंजिनाच्या स्विचला, दुसरं चालकाच्या जॅकेटला. चालक पाण्यात पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. दोरी नसेल तर रिकाम्या सुकाणूची बोट गोल फिरून पाण्यातल्या माणसावरच येऊ शकते. ही सोय असलेल्या, २६ फुटांहून लहान बोटींवर वेगात जाताना १ एप्रिल २०२१ पासून ती दोरी लावणं बंधनकारक आहे. लावायला क्षणभर पुरतो. इंजिन सुरू करण्याआधी तेवढं करा, मागे बसलेली मुलं तुमच्या भरवशावर आहेत.